वळसंगची विहीर : घटना आणि सामान्यांचे जगणे

चरित्रलेखनात ‘काळाची पार्श्वभूमी’ बहुधा आरंभीच्या प्रकरणात आटोपली जाते. पुढे माणूस वावरतो तो समोर, इतिहास राहतो मागच्या पडद्यावर. सामान्यांच्या जीवनाला ही मांडणी कितपत लागू पडते, याचा विचार सोलापूर जिल्ह्यातील वळसंगच्या विहिरीच्या निमित्ताने करता येतो.

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा बोले ठराव मुंबई विधिमंडळाने 1923 साली संमत केला. महाडच्या चवदार तळ्यावर 1927 साली त्या हक्काचा प्रत्यक्ष उच्चार झाला. त्यातून उद्भवलेल्या खटल्यात 17 मार्च 1937 रोजी उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निर्णय दिला. त्याच वर्षी डॉ. आंबेडकर वळसंगला आले, ते मात्र दलित समाजाच्या स्वतःच्या विहिरीचे पाणी खुले करण्यासाठी. महाडला प्रश्न सार्वजनिकत्वाचा होता, वळसंगला रोजच्या घागरीचा. स्वतंत्र विहीर ही हक्काची माघार ठरत नाही. मान्य झालेला हक्क आणि भरलेली घागर यांतील अंतराची ती साक्ष आहे.

इतिहासाने नोंद घेतली ती नेत्याच्या आगमनाची. दुसऱ्या दिवशी पाणी शेंदणाऱ्या स्त्रीच्या कृतीला तारीख नाही. तथापि त्या अनामिक, रोज घडणाऱ्या कृतीवाचून उद्घाटनाला केवळ समारंभाचेच मूल्य उरले असते. येथे सामान्यांचे जगणे घटनेच्या पार्श्वभूमीवर घडत नाही. तेच घटनेला पूर्णत्व देते.

मराठी दलित आत्मकथनांचे वाचन या दृष्टीने व्हावयास हवे. याच जिल्ह्यातील महूद येथे 1923 साली जन्मलेल्या शांताबाई कांबळे 1937 साली चौदा वर्षांच्या होत्या. 1942 साली त्या शिक्षिका झाल्या. 1986 साली ग्रंथरूपाने आलेल्या आपल्या कथनाला त्यांनी नाव दिले ‘माज्या जल्माची चित्तरकथा’. ‘आत्मचरित्र’ हा प्रतिष्ठित शब्द त्यात नाही, आणि उच्चारही घरचाच ठेवला आहे. अशा कथनांना ‘सामाजिक दस्तऐवज’ म्हणून गौरविताना समीक्षा त्यांच्याकडून केवळ पुरावा मागते. वस्तुतः घटना कशाला म्हणावे, हे ठरविण्याचा अधिकारच ती स्वतःकडे घेत असतात. त्या अधिकाराची दखल न घेणारी समीक्षा विहिरीच्या उद्घाटनाला हजर राहते. पाणी कोणी शेंदले, हे मात्र पाहत नाही.