चेन का उतरते? इंजिन बसवलेल्या सायकलीचा इतिहास



आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल की हा इतिहासाच्या व्याख्यानाचा विषय आहे की सायकलच्या दुकानातला? दोन्हींचा आहे. नाशिकमध्ये जुन्या सायकलीला छोटं इंजिन बसवून घेणारी हौशी मंडळी आहेत. त्यांना कुठलीही अडचण विचारा, पहिलं उत्तर एकच येतं: "चेन उतरते." मिस्त्री चेन बदलून देतो, आठ दिवसांत पुन्हा तेच. असं का होतं, हे समजायचं असेल तर जरा मागे जावं लागतं.

सुरुवात चेनपासूनच करू. हान्स रेनॉल्ड नावाचा मूळचा स्विस माणूस मँचेस्टरजवळ चेन बनवत होता. त्याच्या आधीच्या चेनमध्ये पिन फक्त बाजूच्या पातळ पट्ट्यांवर घासायची, त्यामुळे ती पटकन झिजायची. १८८० मध्ये रेनॉल्डने पिनेभोवती एक नळी बसवली आणि त्या नळीवर फिरणारा रोलर. आता भार पिनेच्या पूर्ण लांबीवर पसरला. एवढीशी सुधारणा, पण पाचच वर्षांत, १८८५ मध्ये, जॉन केम्प स्टार्लीची रोव्हर सायकल आली. दोन जवळपास सारखी चाकं, मधे पेडल, मागच्या चाकाला चेन. आज आपल्या घरासमोर उभी असते ती सायकल मुळात तीच.

आता लक्षात घ्या, ही चेन माणसाच्या पायासाठी होती. साधा माणूस सलग पेडल मारताना शंभर वॅटच्या आसपास ताकद लावतो. छोट्या इंजिनाची ताकद याच्या दहापट सहज असते. मग आपण म्हणतो, "इंजिनाच्या ताकदीनं चेन तुटते." ऐकायला पटतं, पण पूर्ण खरं नाही. चढावर माणूस पेडलवर उभा राहतो तेव्हा चेनवर क्षणभर येणारी ओढ त्याच्या वजनाहूनही जास्त असते. ती ओढ चेन मुकाट्यानं सोसते. चेनला मारतो तो वेग आणि वाकणं.

जरा हिशेब करून बघू. पुढच्या चेनव्हीलला ४४ दाते आणि सेकंदाला पेडलचा एक फेरा, म्हणजे सेकंदाला ४४ कड्या सरकल्या. आता इंजिनाच्या किटमध्ये मागच्या चाकाला साधारण ४४ दात्यांचं स्प्रॉकेट असतं आणि इंजिनावर १० दात्यांचं. ताशी ३० किलोमीटर वेगाला सायकलचं चाक सेकंदाला साधारण चार फेरे घेतं. म्हणजे सेकंदाला पावणेदोनशेच्या आसपास कड्या! चौपट. शिवाय ४४ दात्यांवर कडी फक्त आठेक अंश वाकते, १० दात्यांवर छत्तीस अंश. चौपट वेळा आणि छोट्या स्प्रॉकेटवर जास्त वाकणं. रेनॉल्डची ती नळी आणि पिन इथेच झिजते. आपण म्हणतो "चेन लांबली". लोखंड ताणलं जात नाही हो, प्रत्येक सांध्यात केसाएवढी झीज होते आणि शंभर सांध्यांची मिळून ती दिसते.

हा प्रश्न जगानं कसा सोडवला? इथे इतिहासात तीन वाटा दिसतात.

पहिली वाट, आहे ती चेन वापरा. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत लोकांकडे सायकल होती, मोटारीला पैसे नव्हते. तेव्हा 'कुच्चोलो', म्हणजे कुत्र्याचं पिल्लू, नावाचं ४८ सीसीचं इंजिन आलं. पुढे ते बनवलं डुकाटीनं. ते पेडलच्या जागी बसायचं आणि सायकलच्याच चेननं चाक फिरवायचं. दुसरी वाट फ्रान्सची. १९४६ ची वेलोसोलेक्स. तिनं चेनचा प्रश्नच टाळला: इंजिन पुढच्या चाकावर, आणि एक रोलर टायरवर घासून चाक फिरवायचा. पावसात मात्र तो घसरायचा. तिसरी वाट पट्ट्याची. पियाजिओची १९६७ ची 'चाव' त्या वाटेवरची.

आणि ही तिसरी वाट थेट आपल्या शेजारी आली. फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगनं १९७२ मध्ये लूना आणली, अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला. ती चावच्या धर्तीवरची होती. इंजिनाची ओढ पट्ट्यानं, पेडलची चेननं. दोघांची कामं वेगळी. पेट्रोल संपलं तर पेडल मारत घरी जा, चढ आला तर इंजिनाला पाय द्या. पुढे १९८० मध्ये होसूरहून टीव्हीएस ५० आली, दोन माणसांची. या गाड्यांची फ्रेम, हब, चाक सगळं इंजिन धरूनच आखलेलं होतं. आपल्या गोष्टीतला महत्त्वाचा फरक हाच आहे.

घरी किट बसवताना नेमकं हेच राहून जातं. उजव्या बाजूला पेडलची चेन आधीच आहे, म्हणून इंजिनाची चेन डावीकडे जाते. पण डाव्या बाजूला हबवर स्प्रॉकेटला जागाच ठेवलेली नाही! मग दोन्ही बाजूंनी रबराच्या चकत्या लावून स्प्रॉकेट थेट स्पोकवर आवळतात. स्पोकचं काम रिम तोलून धरण्याचं, त्यांच्यावर आता इंजिनाची ओढ. आपल्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथे आहे.

म्हणून चेन उतरली की तपास उलट्या क्रमानं करा. चेन शेवटी, चाक आधी.

मागचं चाक उचलून हातानं फिरवा. रिम डुलते का? तर आधी चाकाचा आऊट काढून घ्या. मग स्प्रॉकेट बघा. चेन एका जागी ताठ आणि अर्ध्या फेऱ्यानंतर सैल होत असेल तर स्प्रॉकेट मध्यावर बसलेलं नाही. तिथे टेन्शनर कितीही आवळा, उपयोग नाही. बोल्ट ढिले करून स्प्रॉकेट मध्यावर आणायचं आणि समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळायचे. नंतर मागून एका डोळ्यानं बघा, दोन्ही स्प्रॉकेट एका रेषेत आहेत का. टेन्शनरची चकती तिरकी असेल तरी चेन उतरते.

एवढं झाल्यावर चेन. एका पिनेपासून पुढे चोवीस कड्या मोजा. नवीन अर्ध्या इंची चेनमध्ये हे अंतर ३०५ मिलिमीटर भरतं. ३०८ च्या वर गेलं की चेन बदला, आणि दाते आकड्यासारखे वाकले असतील तर स्प्रॉकेटही बदला. जुन्या दात्यांवर नवी चेन म्हणजे महिन्याभरात पुन्हा खर्च. सैलपणा मोजायचा तो सगळ्यात ताठ जागी, साधारण अर्धा ते पाऊण इंच. आणि चेनच्या लॉकची क्लिप: तिचं बंद तोंड चेन ज्या दिशेनं पळते त्या दिशेला हवं. उलटी बसली तर कशाला अडकून निघू शकते.

यात फक्त पैशांचा प्रश्न नाही. उतरलेली चेन स्पोकमध्ये अडकली तर मागचं चाक जागच्या जागी जाम होतं. उतारावर, ट्रकच्या पुढे, याचा अर्थ काय ते सांगायला नको. कायद्याचंही एक सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येतून चारपेक्षा कमी चाकांची आणि २५ सीसीपर्यंतच्या इंजिनाची वाहनं वगळलेली आहेत. बाजारातली बहुतेक किट याहून मोठी असतात. तेव्हा रस्त्यावर काढण्याआधी आरटीओत विचारून घ्या.

थोडक्यात, चेन साक्षीदार आहे, गुन्हेगार क्वचितच असते. पायासाठी बनवलेल्या सायकलीवर इंजिन बसवलं की कुठेतरी ताण येणारच, आणि तो सगळ्यात आधी बोलून दाखवते ती चेन. सोलेक्स, लूना बनवणाऱ्यांनी तिचं ऐकून उरलेली गाडी बदलली. आपण मात्र दर वेळी चेनच बदलत बसतो.

प्रश्न असतील तर घेऊ या.