चरबी कमी करण्यासाठी स्नायूंचे व्यायाम: कोणता आराखडा निवडावा?

पनवेलच्या वडाळे तलावाभोवती रोज फेऱ्या मारूनही पोट कमी होत नाही, ही तक्रार नेहमीची आहे. चालणे हृदयासाठी उत्तमच. ते सोडू नका. पण त्याला स्नायूंच्या व्यायामाची जोड हवी.

वजन नव्हे, चरबी

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचीच तुलना मांडली. दोघांचा बीएमआय २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के! भारतीयांमध्ये असे बरेचदा आढळते: चरबी जास्त, स्नायू कमी. नुसते खाणे कमी केले तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. वजनांचे व्यायाम ही झीज रोखतात.

मात्र पोटाचे व्यायाम केल्याने फक्त पोटाची चरबी जात नाही. चरबी मुख्यतः आहारातील उष्मांक कमी केल्याने उतरते. भात, पोळी, गोड आणि तळलेले कमी करा. प्रत्येक जेवणात डाळ, उसळ, दही, अंडी किंवा मासे ठेवा.

किती दिवस?

- आठवड्यातून २ दिवस: दोन्ही दिवस संपूर्ण शरीराचा व्यायाम. रोज लोकलने मुंबईला ये-जा करणाऱ्यांना हेच जमते आणि सुरुवातीला पुरेसेही असते.
- ३ दिवस: संपूर्ण शरीराचा व्यायाम, एक दिवसाआड.
- ४ दिवस: दोन दिवस वरचे शरीर, दोन दिवस पाय. काही महिने सराव झाल्यावरच.

सर्वांत चांगला आराखडा म्हणजे सहा महिन्यांनंतरही चालू राहील असा.

घरच्या घरी सुरुवात

१. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे
२. भिंतीला हात टेकवून जोर
३. रबरी पट्टा छातीकडे ओढणे
४. पाठीवर झोपून कंबर उचलणे
५. डंबेल किंवा पाण्याच्या बाटल्या डोक्यावर उचलणे

प्रत्येक प्रकार ८ ते १२ वेळा, असे दोन सेट. मध्ये एक-दोन मिनिटे विश्रांती. शेवटच्या दोन वेळा जड जायला हव्यात, पण शरीराची ठेवण बिघडू नये. १२ वेळा सहज जमू लागले की वजन थोडे वाढवा. जोर लावताना श्वास सोडा. रोखून धरू नका.

प्रगती कशी मोजावी?

काटा हलला नाही म्हणून निराश होऊ नका. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध टेप लावून दर दोन आठवड्यांनी घेर मोजा. भारतीय पुरुषांत तो ९० सेंमीपेक्षा आणि स्त्रियांत ८० सेंमीपेक्षा कमी असावा.

आधी डॉक्टरांना विचारा

हृदयविकार, नियंत्रणात नसलेला रक्तदाब, हर्निया, मधुमेहामुळे डोळ्यांच्या पडद्याला झालेली इजा किंवा गर्भधारणा असल्यास सल्ल्याशिवाय सुरुवात करू नका. इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर व्यायामाने साखर एकदम उतरू शकते. डोसबद्दल विचारून घ्या. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिने स्वतःहून वाढवू नका.

व्यायाम करताना छातीत दुखले, चक्कर आली किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप लागली तर लगेच थांबा. छातीतले दुखणे थांबले नाही तर वेळ न घालवता रुग्णालय गाठा.