देश बदलताना

भिलाई-३हून रायपूरचा माना विमानतळ गाडीने तासाभरावर. विमान पकडायच्या घाईत कुणाला आठवत नाही, पण माना हे नाव बंगालीत आजही आधी छावणीचं आहे. पूर्व पाकिस्तानातून, विशेषतः १९६४च्या दंगलींनंतर, आलेली हजारो कुटुंबं इथे उतरवली गेली. पुढे त्यांना दंडकारण्यात पाठवायचं होतं.

दंडकारण्य प्रकल्प १९५८चा. बस्तर, कोरापुट आणि कालाहांडीत पसरलेला. त्याच सुमारास भिलाईत पोलाद कारखाना उभा राहत होता. इथे माणसं नोकरीसाठी आपणहून येत होती, तिथे पाठवली जात होती.

पाठवली म्हणजे कशी? कागदोपत्री सक्ती नव्हती. पश्चिम बंगालमधल्या छावण्या बंद करायचं ठरलं आणि तिथल्या लोकांपुढे दोन वाटा ठेवल्या: दंडकारण्य पत्करा, नाहीतर सहा महिन्यांची डोल घेऊन आपली सोय आपण बघा. डोल म्हणजे सरकारी निर्वाहभत्ता; इंग्रजी शब्द बंगालीत असा मुरला की त्याचं भाषांतर करावंसं वाटत नाही. ज्याच्या घरची चूल त्या डोलीवर पेटते, त्याच्या होकाराला संमती म्हणायचं का? १९६१मध्ये अनेकांनी सत्याग्रह करून नकार कळवला. तरी गाड्या सुटत राहिल्या.

शासनाचा युक्तिवाद साधा होता: देश तर एकच आहे. पण बंगालीत ‘देश’ म्हणजे राष्ट्र, आणि मागे सुटलेलं आपलं गावही. आपणही घाटावरच्या मुलखाला देश म्हणतोच की. नदीनाल्यांत वाढलेल्या, भात आणि मासळीवर जगणाऱ्या शेतकऱ्याला बस्तरचं माळरान देऊन ‘तुझाच देश’ म्हणणं, हा मला भाषांतरातला घोटाळा वाटतो. शिवाय जंगल रिकामं नव्हतं. त्यावर पिढ्यान्‌पिढ्या हक्क सांगणाऱ्या आदिवासींना कुणी विचारलं नाही, हा या कहाणीतला दुसरा, कमी सांगितला गेलेला भाग.

प्रकल्पाचे अध्यक्ष राहिलेले शैबाल गुप्त यांनी १९६४मध्ये पद सोडलं आणि पुढच्याच वर्षी ‘इकॉनॉमिक वीकली’त जमीन नि पाणी यांची उणीव उघडपणे मांडली. खुद्द अधिकाऱ्याचीच कबुली.

१९७८मध्ये हजारो कुटुंबं दंडकारण्य सोडून सुंदरबनाकडे निघाली. मरिचझापी बेटावर त्यांनी स्वतःच्या हातांनी वसाहत उभारली, शाळाही काढली. जानेवारी १९७९मध्ये डाव्या आघाडीच्या सरकारने बेटाची नाकेबंदी केली. गोळीबार झाला, मे महिन्यात बेट रिकामं करण्यात आलं. किती मेले, याबद्दल सरकारी आकडा आणि वाचलेल्यांची आठवण यांत आजही प्रचंड तफावत आहे.

उरलेल्यांपैकी अनेकांना पुन्हा दंडकारण्याच्या गाडीत बसवलं. या वेळी दोन वाटा दाखवायचीही गरज भासली नाही.