टेरिटी बाजारातली चिनी न्याहारी

कोलकात्याच्या खाण्याचा विषय निघाला की रसगुल्ला, मिष्टी दोई, फुचका ही नावं आपसूक येतात. आज त्याच शहरातल्या, पण आपल्यापैकी बहुतेकांनी न चाखलेल्या न्याहारीबद्दल बोलू.

लालबाजारच्या पोलीस मुख्यालयापासून चालत काही मिनिटांवर टेरिटी बाजार आहे. अठराव्या शतकात हा बाजार एडुआर्डो टिरेटा या व्हेनिसच्या गृहस्थाचा होता, त्यावरून हे नाव. पहाटे इथे रस्त्यावर चिनी पदार्थांची पातेली लागतात. रविवारी जास्त. आठनंतर गेलात तर बरंचसं संपलेलं असतं.

काय खायचं? बाओ घ्या. उकडीच्या मोदकासारखा वाफवलेला, पण पारी आंबवलेल्या मैद्याची आणि सारण डुकराच्या मांसाचं. माशाच्या गोळ्यांचं सूप घ्या. गोळा दाताखाली रबरासारखा उसळतो, पण चव सौम्य असते. 'लाप चाँग' हे वाळवलेलं सॉसेज मात्र चक्क गोडसर लागतं. गोव्याच्या आंबट-तिखट चोरिसाची सवय असलेल्याला पहिला घास चमत्कारिक वाटेल. दुसरा घ्या, मग मत बनवा.

ही माणसं आली कशी? १७७०-८०च्या सुमारास टाँग अच्छू नावाचा चिनी व्यापारी बंगालमध्ये उतरला. वॉरन हेस्टिंग्जने त्याला बजबजजवळ जमीन दिली. तिथे त्याने साखरेचा कारखाना काढला. त्या गावाला आजही अचिपूर म्हणतात आणि चिनी नववर्षाला लोक त्याच्या समाधीवर जातात. पुढे कँटनचे सुतार आले, हुबेईचे दंतवैद्य आले, हक्का लोक आले. हक्कांनी टांगऱ्यात चामड्याचे कारखाने उभारले.

मग आलं १९६२. आम्हा फौजी लोकांना त्या वर्षाचं नाव घेतलं की नामका चू आणि रेझांग ला आठवतात, आणि आठवलेच पाहिजेत. पण त्याच हिवाळ्यात भारतातल्या सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेऊन डांबलं गेलं. बहुतेक आसाम आणि उत्तर बंगालमधले होते. म्हातारे होते, लहान मुलं होती, कित्येकांचा जन्म इथलाच. खटला नाही, आरोप नाही. काही जण १९६७ पर्यंत तिथेच होते. सुटून आले तेव्हा अनेकांची घरं-दुकानं लिलावात गेलेली होती. कोलकात्यातल्या चिनी लोकांवरही पाळत आणि फिरण्यावर बंधनं आली. मग हळूहळू कुटुंबं कॅनडा, ऑस्ट्रेलियाला निघून गेली. टेरिटी बाजारातली पातेली कमी झाली, त्याचं हे एक मोठं कारण.

सैनिकाला शत्रू कोण, हे नीट ओळखावं लागतं. सीमेपलीकडून बंदूक रोखणारा शत्रू. बेंटिंक स्ट्रीटवर बूट शिवणारा नव्हे. युद्धाच्या धामधुमीत हा फरक पुसला गेला आणि त्याची किंमत निरपराध माणसांनी मोजली.

टांगऱ्यात एक कालीमंदिर आहे. तिथे देवीला नूडल्सचा नैवेद्य दाखवतात. कोलकात्याला गेलात तर तेही पाहा, आणि त्याआधी पहाटे उठून टेरिटी बाजारात बाओ खा. सुट्टे पैसे जवळ ठेवा.