कच्चे मडके

वाचकहो, मडक्याची कथा आपण कीर्तनात अनेकदा ऐकली आहे. तेरला गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली. मुक्ताईने थापटण्याकडे बोट दाखवून विचारले, हे कशाला? काकांनी मग एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारून पाहिले. बाकीचे शांत राहिले. नामदेवराय रागावले आणि कच्चे ठरले. आपण हसतो, कीर्तनकार पुढे जातो.

आपल्या औशाहून तेर काही लांब नाही. तिथल्या कुंभाराच्या तोंडचा ‘कच्चा’ हा शब्द जरा थांबून ऐका. कच्चे मडके पाण्यात टाकले की विरघळते. त्याचा पुन्हा चिखल होतो आणि तो चाकावर चढतो. भाजलेल्याला ती सोय नाही, ते बिघडले की खापरच. काकांनी उणे दाखवले, त्याच शब्दात वाटही मोकळी ठेवली. त्या वाटेने नामदेवराय औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले. पुढे पंजाबात पोहोचले. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची 61 पदे आहेत. आणि एवढ्या थोर संताचे हे उणेपण संप्रदायाने कधी झाकून ठेवले नाही. मला यातच आपल्या परंपरेचा मोठेपणा दिसतो.

असाच एक कारागीर सोळाव्या शतकात जपानात झाला. चहाविधीचे आचार्य सेन नो रिक्यू (1522-1591) यांच्यासाठी क्योतोच्या चोजिरोने प्याले घडवले. चाक नाही, नुसत्या हातांनी. काळे, तांबूस, किंचित वाकडे. कौले करणारा माणूस तो! त्याच देशात फुटलेला प्याला झाडाच्या चिकाने सांधतात आणि सांध्यावर सोन्याची पूड लावतात. तडा लपवत नाहीत.

वाचायला हे गोड वाटते. पण सज्जनहो, आपण औसा तालुक्यातले. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीत दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या. भूकंपात एकूण दहा हजारांच्या आसपास जीव गेले. तिथे उभे राहून भंगण्यात सौंदर्य असते असे कोणी म्हणू नये. भिंतीतली उणीव माणूस मारते, ती काढलीच पाहिजे. सोन्याची रेघ शोभते ती कोणीतरी बसून सांधले म्हणून. ढिगाऱ्याला तसली शोभा नसते. दुसऱ्याच्या दुःखाला सुंदर म्हणण्याआधी आपण सांधायला हात लावला का, एवढे स्वतःला विचारावे.

हातांवरून आठवले. ज्यांनी थापटणे मारले ते काका एकदा थोटे झाले, असे परंपरा सांगते. पंढरीत कीर्तन चालले होते, सर्वांनी टाळीसाठी हात वर केले, काकांनीही आपले थोटे हात उचलले आणि त्यांना पंजे फुटले. ते कीर्तन नामदेवरायांचे होते.