परवाना राज कसे मोडले : २४ जुलै १९९१ची दुपार

२४ जुलै १९९१. सायंकाळी मनमोहन सिंग अर्थसंकल्प मांडणार होते आणि देशाचे लक्ष तिकडेच लागले होते. त्याआधी काही तास उद्योग राज्यमंत्री पी. जे. कुरियन यांनी लोकसभेत एक निवेदन पटलावर ठेवले. चार दशकांची औद्योगिक परवाना पद्धती त्या कागदाने बहुतांशी संपुष्टात आणली. उद्योग खाते खुद्द पंतप्रधान नरसिंह राव यांच्याकडे होते. तरीही ते स्वतः पुढे आले नाहीत. अल्पमतातील सरकारला गाजावाजा परवडणारा नव्हता.

या पद्धतीचे मूळ १९५१च्या उद्योग (विकास व नियमन) अधिनियमात आहे. अनुसूचीतील उद्योगांत नवा कारखाना काढणे, मोठा विस्तार करणे, नवी वस्तू बनवणे, कारखाना दुसरीकडे हलवणे, प्रत्येकासाठी केंद्राचा परवाना आवश्यक ठरला. हेतू क्षुद्र नव्हता. भांडवल आणि परकीय चलन तुटपुंजे होते. ते योजनेनुसार लागावे आणि संपत्ती मूठभर घराण्यांकडे साचू नये, असा विचार त्यामागे होता.

घडले नेमके उलटे. मुंबई विद्यापीठाचे अर्थतज्ज्ञ आर. के. हजारी यांनी १९६७मध्ये नियोजन आयोगाला दिलेल्या अहवालात दाखवून दिले की, मोठे समूह, विशेषतः बिर्ला, एकाच वस्तूसाठी अनेक अर्ज करून उत्पादनक्षमता आधीच अडवून ठेवत. कारखाना उभा राहो न राहो, प्रतिस्पर्ध्याची वाट बंद! राजाजी ज्याला ‘परवाना-परमिट राज’ म्हणत, ते हेच. त्यावर सरकारने शोधलेला उपाय म्हणजे आणखी एक मंजुरी. १९६९च्या एमआरटीपी कायद्याने २० कोटी रुपये वा अधिक मालमत्तेच्या समूहांना विस्तारासाठी वेगळी परवानगी बंधनकारक केली.

याची झळ कोणाला बसली? आकुर्डीत तयार होणाऱ्या बजाज स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबणाऱ्या ग्राहकाला. मागणी दारात उभी असतानाही परवान्यातील क्षमतेपलीकडे उत्पादन वाढवण्याची कारखान्याला मुभा नव्हती.

१९८०च्या दशकात काही गाठी सैल झाल्या होत्या. १९९१मध्ये परकीय चलन जेमतेम काही आठवड्यांच्या आयातीपुरते उरले, तेव्हा उरलेल्या तोडण्याचे धैर्य आले. अर्थतज्ज्ञ राकेश मोहन यांचा मसुद्यात मोठा वाटा होता. पण निवेदनाच्या आरंभी नेहरूंच्या वारशाचे स्मरण आहे. राजकारणात बदलाला वारशाचे पांघरूण लागतेच. १८ उद्योग वगळता परवाना रद्द झाला. एमआरटीपीची मालमत्तेची अटही गेली. त्या १८ उद्योगांत कोळसा आणि मद्य यांबरोबर मोटारगाड्या, फ्रीज आणि वॉशिंग मशीनही होती, हे आज गमतीचे वाटते. त्यांची सुटका १९९३मध्ये झाली.

त्याच वर्षी राहुल बजाज आदी उद्योगपतींचा ‘बॉम्बे क्लब’ परदेशी कंपन्यांशी समान अटींवर स्पर्धा मिळावी, अशी मागणी करू लागला. कुंपण जाचक होते खरे, पण ते बाहेरच्यांनाही अडवत होते.

लघुउद्योगांसाठी राखीव असलेल्या ८००हून अधिक वस्तूंची यादी मात्र त्या दुपारीही कायम राहिली. ती हळूहळू आटत गेली. लोणची, पाव, वह्या, मेणबत्त्या, उदबत्त्या, काचेच्या बांगड्या अशा अखेरच्या २० वस्तू तिच्यातून बाहेर पडल्या, तेव्हा २०१५ साल उजाडले होते.