बाटलीवरचा पत्ता : नळाच्या पाण्याचा अहवाल कोणाचा?

आजचा विषय ऐकायला जरा सरकारी वाटेल. आपल्या नळाच्या पाण्याची तपासणी होत असते, तिचा निकाल आपल्याला कसा मिळवता येतो? पण या साध्या प्रश्नामागे सुमारे 170 वर्षांचा इतिहास आहे. पाणी तपासायचं कसं, हे विज्ञानाने शोधलं. तो निकाल पिणाऱ्याला सांगायचा की नाही, हे मात्र भांडूनच ठरलं. ते भांडण आज आपण तीन ठिकाणी पाहू : लंडन, अमेरिकेतलं फ्लिंट आणि आपला महाराष्ट्र.

सुरुवात 1854 च्या लंडनपासून. डॉक्टर जॉन स्नो म्हटलं की ब्रॉड स्ट्रीटचा पंप आठवतो. पण त्याच वर्षीचं त्याचं दुसरं काम आपल्या विषयाला जास्त जवळचं आहे. दक्षिण लंडनमध्ये दोन खासगी कंपन्या एकाच गल्लीत, शेजारशेजारच्या घरांना पाणी द्यायच्या. साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल कंपनी बॅटर्सीला, म्हणजे शहराचं सांडपाणी मिसळलेल्या पट्ट्यात थेम्सचं पाणी उचलायची. लँबेथ कंपनीने 1852 मध्ये आपला उपसा नदीच्या वरच्या अंगाला, थेम्स डिटनला हलवला होता. कॉलऱ्याने माणूस दगावला त्या घरात कोणाचं पाणी येतं, एवढंच स्नोला हवं होतं. आणि तिथेच घोडं अडलं. कित्येकांना ते माहीतच नव्हतं! पाणीपट्टी भरायचा घरमालक. भाडेकरूला कंपनीचं नाव कुठून ठाऊक असणार?

स्नोने काय केलं? अशा घरातलं पाणी एका छोट्या कुपीत घेतलं आणि तिच्यावर पत्ता लिहिला. पाण्यात सिल्व्हर नायट्रेट घातलं की मिठाच्या प्रमाणात पांढरा साका येतो. बॅटर्सीच्या पाण्यात थेम्स डिटनच्या सुमारे 40 पट मीठ होतं. झालं, कंपनी ओळखता आली. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांचा त्याचा हिशेब असा : दर 10 हजार घरांमागे साउथवर्क अँड व्हॉक्सहॉलच्या पाण्यावर 315 मृत्यू, लँबेथच्या पाण्यावर 37.

ही कुपी लक्षात ठेवा. तिच्यातली रासायनिक परीक्षा अगदी साधी होती. तिला किंमत आली ती वरच्या पत्त्यामुळे.

पुढचा टप्पा छापील आकड्यांचा. 1865 पासून एडवर्ड फ्रँकलंड हे रसायनशास्त्रज्ञ लंडनच्या कंपन्यांचं पाणी दर महिन्याला तपासू लागले. जन्ममृत्यूची नोंद ठेवणारं सरकारी कार्यालय ते आकडे प्रसिद्ध करायचं. म्हणजे सगळं आलबेल झालं का? नाही. 1866 मध्ये पूर्व लंडनमध्ये कॉलरा पेटला, साडेपाच हजारांहून अधिक माणसं गेली. ईस्ट लंडन कंपनीच्या अभियंत्याने ‘टाइम्स’ला पत्र लिहून ठासून सांगितलं की आमचं सगळं पाणी गाळूनच जातं. आणि लोकांच्या नळांतून चक्क वाम मासे निघाले! गाळलेल्या पाण्यात मासा येईल कुठून? चौकशीत निष्पन्न झालं की ओल्ड फोर्डच्या उघड्या तलावातलं न गाळलेलं पाणी सोडलं गेलं होतं. महिन्यातून एकदा घेतलेला नमुना त्या एका दिवसापुरता खरा असतो. बाकीच्या दिवसांचा साक्षीदार नळाखाली हंडा लावणारा माणूसच.

आता आपण जवळजवळ सव्वाशे वर्षं ओलांडून अमेरिकेत जाऊ, कारण निकाल ग्राहकाला आपणहून कळवला पाहिजे, असा कायदा तिथे झाला. 1993 मध्ये मिलवॉकी शहरात क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी नळाच्या पाण्यातून पसरला आणि अंदाजे चार लाख लोक आजारी पडले. 1996 मध्ये सुरक्षित पेयजल कायद्यात दुरुस्ती झाली. पाणीपुरवठादाराने दरवर्षी ग्राहकांना अहवाल द्यायचा : पाणी कुठून येतं, त्यात काय सापडलं, मर्यादा किती. 1999 मध्ये पहिले अहवाल घरोघर गेले.

तरीही फ्लिंट घडलं. एप्रिल 2014 मध्ये मिशिगन राज्यातल्या या शहराचं पाणी पैसे वाचवण्यासाठी फ्लिंट नदीतून घ्यायला सुरुवात झाली. जुन्या वाहिन्या गंजू नयेत म्हणून घालायचं रसायन घातलं गेलं नाही आणि शिसं पाण्यात उतरू लागलं. कागदावर मात्र सगळं ठीक. ते कसं? नमुना घेण्याआधी नळ थोडा वेळ वाहू द्या, अशा सूचना होत्या. त्याने साचलेलं शिसं निघून जातं. शिवाय जास्त शिसं असलेले दोन नमुने हिशेबातून वगळले गेले. त्यातला एक नमुना ज्या घरचा, तिथली गृहिणी गप्प बसली नाही. व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या मदतीने रहिवाशांनी स्वतः अडीचशेहून अधिक घरांतले नमुने भरले आणि खरं चित्र बाहेर आलं. प्रत्येक बाटलीवर पत्ता होता, हे सांगायला नकोच.

आता आपल्याकडे येऊ. मुंबईत 1860 मध्ये विहारचं पाणी नळाने आलं. पण निकाल मागण्याचा हक्क यायला 2002 उजाडलं, कारण महाराष्ट्राचा माहिती अधिकार कायदा त्या वर्षीचा. केंद्राचा आला 2005 मध्ये. त्याच्या कलम 2 मधली एक तरतूद फार थोड्यांना ठाऊक असते. माहितीच्या हक्कात कागदपत्रं पाहण्याबरोबरच पदार्थांचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क येतो. पाणीही त्यात बसतं.

मुंबई महापालिकेच्या पर्यावरण स्थिती अहवालात अयोग्य नमुन्यांची टक्केवारी प्रभागवार छापली जाते. ती जरूर वाचा, पण टक्केवारी म्हणजे तुमचा नळ नव्हे. नोव्हेंबर 2019 मध्ये भारतीय मानक ब्यूरोची शहरांची तुलना जाहीर झाली. मुंबईचे दहाही नमुने उत्तीर्ण, दिल्लीचे अकराही नापास. मुंबईकर खूश, दिल्लीत राजकारण तापलं. पण एक कोटीहून जास्त वस्तीच्या शहराला दहा नमुने! ठरावीक तास पाणी येणाऱ्या वाहिनीत दाब गेला की फटींतून बाहेरची घाण आत शिरू शकते. पुढे सोसायटीची जमिनीखालची टाकी, मग गच्चीवरची. तिथून पुढचं पाणी कोण तपासतं?

खेड्यात चित्र वेगळं आहे, आणि काही बाबतीत जास्त उघडं. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक नमुने नेतो, ओटी टेस्टने पाण्यात क्लोरिन आहे का ते पाहिलं जातं. स्रोतांच्या पाहणीनंतर गावाला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. अक्षर न वाचणाऱ्यालाही रंग कळतो. 2019 च्या जल जीवन मिशननंतर गावनिहाय निकाल संकेतस्थळावर दिसू लागले, आणि नाममात्र शुल्कात सामान्य माणसाचा नमुनाही शासकीय प्रयोगशाळेत घ्यावा, अशी व्यवस्था झाली.

मग आपण करायचं काय? ‘आमचं पाणी शुद्ध आहे का?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘मानकांनुसार आहे.’ विषय संपला! त्याऐवजी स्नोची कुपी आठवायची आणि अर्जात लिहायचं : आमच्या रस्त्याच्या वितरण वाहिनीतून गेल्या सहा महिन्यांत घेतलेल्या प्रत्येक नमुन्याचं ठिकाण, तारीख आणि निकाल द्यावा, अयोग्य ठरलेल्या नमुन्यांवर काय कारवाई झाली आणि फेरतपासणी कधी झाली, तेही द्यावं. शुल्क 10 रुपये, मुदत 30 दिवस. उत्तर नाही आलं तर पहिलं अपील. निकाल वाचताना आधी दोन ओळी पाहा. ई. कोलाय 100 मिलिलिटरमध्ये अजिबात आढळता कामा नये. आणि क्लोरिनची प्रक्रिया केलेल्या पाण्यात उरलेला मुक्त क्लोरिन लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम हवा. हे आपल्या भारतीय मानकातच, आयएस 10500 मध्ये आहे. अर्जासोबतच सोसायटीच्या टाकीतला नमुनाही तपासायला द्या, म्हणजे दोष वाहिनीचा की आपल्याच टाकीचा, ते कळेल.

फ्लिंटमध्ये अहवाल होता, कायदा होता, प्रयोगशाळा होती. नव्हता तो एवढाच प्रश्न विचारणारा अधिकारी : हा नमुना कुठल्या घरचा? तो प्रश्न शेवटी रहिवाशांनाच विचारावा लागला. आपणही तो साथ येण्याआधी विचारलेला बरा.